यीस्टमध्ये माणसाच्या मायटोकॉन्ड्रियातल्या प्रथिनांचा अभ्यास : निष्कर्षांवर भरवसा किती ठेवायचा?

अंतरपटल (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

पीएचडीचं दुसरं वर्ष सुरू आहे. एका लहान रुग्णाच्या जनुकीय तपासणीत सापडलेल्या बदलावर काम करायचं ठरलंय. ज्या प्रथिनात हा बदल आहे, ते मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या अंगकांच्या) आतल्या पटलात बसतं आणि सायटोक्रोम ऑक्सिडेज, म्हणजे श्वसनसाखळीतलं चौथं संकुल, जुळवायला मदत करतं. एकच अमिनो आम्ल बदललंय. ते खरंच आजाराला कारणीभूत आहे की नुसतंच तिथे आहे, हे शोधायचं.

गाइड म्हणतात, यीस्टपासून सुरुवात कर. लॅबमधल्या एक सीनियर म्हणतात, यीस्टच्या नादी लागू नकोस, रुग्णाच्या त्वचेच्या पेशी मिळतायत तर थेट त्याच वापर.

माझी अडचण अशी की हे आजार दिसतात ते मेंदूत, हृदयात, स्नायूंत. यीस्टला यातलं काहीच नाही. शिवाय ग्लुकोज मिळालं की यीस्ट किण्वन करतं आणि श्वसनाशिवाय मजेत वाढतं. ज्या पेशीचं मायटोकॉन्ड्रियावाचून एवढं अडत नाही, तिच्याकडून मायटोकॉन्ड्रियाच्या आजाराबद्दल काय शिकणार? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहा.

---

खमीर

चांगला प्रश्न. पण तुम्ही ज्याला अडचण म्हणताय, तिच्यामुळेच तर हे सगळं शास्त्र उभं राहिलं.

एखाद्या प्रथिनाचं काम कळायला ते काढून टाकून काय बिघडतं ते बघावं लागतं. श्वसनासाठी अत्यावश्यक प्रथिन उंदरातून काढलं तर बहुतेक वेळा गर्भच टिकत नाही, मग बघणार काय? यीस्टमध्ये तेच जनुक उडवलं तरी पेशी ग्लुकोजवर जगते, काही तासांत दुप्पट होते. तीच पेशी ग्लिसरॉलवर ठेवली की थांबते, कारण ग्लिसरॉल आंबवून ऊर्जा मिळवणं तिला जमत नाही, श्वसन लागतंच. म्हणजे एका प्लेटवर जिवंत म्युटंट हातात आणि दुसऱ्या प्लेटवर त्याचा दोष उघडा. घरात इन्व्हर्टर असला की बाहेरची वीज गेली तरी घर चालू राहतं, तसं.

या सगळ्याची सुरुवात १९४९ची. पॅरिसमध्ये बोरिस एफ्रुसी आणि सहकाऱ्यांना यीस्टच्या प्लेटवर काही कॉलनी खुज्या दिसल्या. ॲक्रिफ्लेविन हा रंग घातला की अशा कॉलनींची संख्या झपाट्याने वाढायची. या पेशींना श्वसन जमत नव्हतं, म्हणून किण्वनावर जेवढी वाढ होईल तेवढीच. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे हा दोष मेंडेलच्या नियमांप्रमाणे पुढच्या पिढीत उतरत नव्हता. मायटोकॉन्ड्रियात डीएनए असतो हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. नास दांपत्याने कोंबडीच्या गर्भाच्या पेशींत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो दाखवला १९६३मध्ये, आणि गॉटफ्रीड शात्झ व सहकाऱ्यांनी व्हिएन्नात यीस्टच्या मायटोकॉन्ड्रियातून तो रासायनिक पद्धतीने मोजून दाखवला १९६४मध्ये. खुज्या कॉलनींनी पंधरा वर्षं आधीच खूण दिली होती.

---

रात्रपाळी

वाचनखूण साठवली. येऊ द्या अजून.

---

नाममात्र

मी या क्षेत्रातला नाही, अकाउंट्सवाला आहे, पण वाचायला मजा येतेय. एक शंका. यीस्ट श्वसनाशिवाय जगतं, तर मग मायटोकॉन्ड्रिया पूर्ण काढून टाकले तरी ते जगेल का?

---

लोहगंधक

@नाममात्र, नाही जगणार. तुमची शंका अगदी मर्मावर बोट ठेवणारी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

श्वसन गेले तरी चालते, मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा डीएनए संपूर्ण गेला तरीही चालते. पण मायटोकॉन्ड्रिया हे अंगक गेले की यीस्ट मरते. कारण तिथे ऊर्जेव्यतिरिक्त एक काम चालते, ते म्हणजे लोह आणि गंधक यांचे छोटे पुंजके घडवणे. हे पुंजके पेशीतील अनेक प्रथिनांना लागतात, त्यांपैकी काही प्रथिने मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरची आहेत. उदाहरणार्थ, रायबोसोमच्या कामासाठी आवश्यक असलेले आरएलआय१ हे प्रथिन. पुंजके नाहीत तर आरएलआय१ नाही, ते नाही तर नवी प्रथिने नाहीत. हे यीस्टमध्ये उलगडले. तोपर्यंत पाठ्यपुस्तकात मायटोकॉन्ड्रिया म्हटले की एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, एवढ्यावरच विषय आटोपायचा.

याच वाटेवर फ्रेडरिक्स अटॅक्सियाची गोष्ट येते. या आजारात मुलांचा तोल जाऊ लागतो, चालणे कठीण होते, हृदयाचे स्नायू जाड होतात. त्याचे जनुक १९९६ मध्ये सापडले, प्रथिनाला फ्रॅटॅक्सिन नाव मिळाले, पण ते करते काय याचा पत्ता नव्हता. १९९७ मध्ये यीस्टमधील त्याचा भाऊबंद, वायएफएच१, काढून पाहिला, तर मायटोकॉन्ड्रियात लोह साठत गेलेले दिसले. चेतापेशी नसलेल्या, हृदय नसलेल्या जीवाने चेतासंस्थेच्या आजाराचा धागा लोहापर्यंत नेऊन पोचवला. पुढे फ्रॅटॅक्सिन लोह-गंधक पुंजक्यांच्या घडणीत भाग घेते हे स्पष्ट झाले, आणि माणसाचे फ्रॅटॅक्सिन यीस्टमध्ये घातले तर ते वायएफएच१ची उणीव भरून काढते हेही.

@अंतरपटल, तेव्हा मेंदू नाही म्हणून यीस्ट बाद, असे म्हणता येत नाही. कोणता अवयव आधी खचेल हे यीस्ट सांगणार नाही. प्रथिन कोणते काम करते, हे सांगेल.

---

शंकेखोर

थोडा विरोधी सूर लावतो. वर जे लिहिलंय ते खरं आहे, पण यशोगाथा निवडून सांगितल्या की चित्र एकतर्फी होतं.

पहिलं म्हणजे, आपलं प्रयोगशाळेतलं यीस्ट, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, याला श्वसनसाखळीचं पहिलं संकुलच नाही. माणसात ते सुमारे ४५ घटकांचं अवाढव्य यंत्र आहे आणि मुलांमधल्या मायटोकॉन्ड्रियाच्या आजारांत त्याचे दोष वारंवार सापडतात. यीस्टमध्ये त्या जागी एनडीआय१ नावाचं एकटं प्रथिन आहे. ते एनएडीएचकडून (इलेक्ट्रॉन वाहून आणणाऱ्या रेणूकडून) इलेक्ट्रॉन घेतं, पण प्रोटॉन पंप करत नाही. म्हणजे आजारांचा एवढा मोठा गट इथे अभ्यासताच येत नाही.

दुसरं, रुग्णात बऱ्याचदा एकाच पेशीत चांगला आणि बिघडलेला मायटोकॉन्ड्रियल डीएनए एकत्र नांदतात, आणि त्यांच्या प्रमाणावर आजाराची तीव्रता ठरते. यीस्टमध्ये काही पिढ्यांतच पेशी या किंवा त्या प्रकाराची होऊन बसते. ते मिश्रण टिकतच नाही.

तिसरं, ऊतकांचा फरक. काही प्रथिनांची माणसात दोन-दोन रूपं असतात, एक हृदय-स्नायूंत, एक यकृतात. यीस्टला तो प्रश्नच पडत नाही.

त्यामुळे त्या सीनियर बाईंचं म्हणणं मला तरी उडवून लावण्यासारखं वाटत नाही.

---

खमीर

@शंकेखोर, पहिल्या संकुलाबद्दल शंभर टक्के सहमत. म्हणूनच त्या कामासाठी लोक यारोविया लिपोलिटिका हे दुसरं यीस्ट वापरतात, त्याला पहिलं संकुल आहे. गंमत अशी की यारोविया श्वसनाशिवाय जगत नाही, त्यामुळे पहिलं संकुल मोडलं की तो मरणार. मग संशोधकांनी त्याचंच एक बाहेरच्या बाजूला काम करणारं पर्यायी एन्झाइम मायटोकॉन्ड्रियाच्या आत वळवलं. आता पहिलं संकुल निकामी झालं तरी पेशी जगते आणि म्युटंट अभ्यासता येतात.

पण एखादी गोष्ट यीस्टमध्ये नसणं हेही कामी येतं. मायटोकॉन्ड्रियात कॅल्शियम ओढून घेणारा मार्ग यीस्टला नाही. माणसातलं त्याचं मुख्य प्रथिन, एमसीयू, २०११मध्ये ओळखलं गेलं. हा मार्ग चालायला कमीत कमी किती प्रथिनं लागतात? माणसाच्या पेशीत हे ठरवणं अवघड, कारण तिथे सगळीच आधीपासून हजर. २०१४मध्ये माणसाचं एमसीयू यीस्टमध्ये घातलं. एकट्याने काही झालं नाही. सोबत ईएमआरई नावाचं छोटं प्रथिन दिलं आणि यीस्टचे मायटोकॉन्ड्रिया कॅल्शियम आत घेऊ लागले. पाटी कोरी होती म्हणून उत्तर इतकं स्वच्छ मिळालं.

आणि तुम्ही ज्या एनडीआय१ला उणीव म्हणालात, तेच पुढे माणसाच्या पेशींत घालून पाहिलं गेलं. पहिलं संकुल बिघडलेल्या पेशींचं श्वसन त्याने पुन्हा सुरू होतं.

---

रात्रपाळी

एक प्रथिन पंचेचाळिसांची ड्युटी करतंय! आमच्या वॉर्डात असं कुणी असेल तर कळवा.

---

शंकेखोर

@रात्रपाळी :) इलेक्ट्रॉनपुरती ड्युटी करतं, प्रोटॉनचं ओझं उचलत नाही. म्हणून त्या टप्प्यावर एटीपीची कमाई कमीच.

@खमीर, एमसीयूचं उदाहरण मान्य.

---

प्लेटवाली

तात्त्विक चर्चा छान चाललीय, मी जरा बेंचवरचं लिहिते, कारण @अंतरपटल यांना प्रत्यक्ष काम करायचंय आणि या कामात फसगतीच्या जागा ठरलेल्या आहेत.

थेंबांची प्लेट. रात्रभर वाढलेल्या कल्चरची ओडी (गढूळपणा, म्हणजे पेशी किती दाट आहेत ते) मोजून सगळे नमुने आधी एका पातळीला आणायचे. मग दर पायरीला दहापट पातळ करत जायचं आणि प्रत्येक पायरीचा ३ ते ५ मायक्रोलिटरचा थेंब ग्लुकोजच्या आणि ग्लिसरॉलच्या प्लेटवर, ३० अंशांना. ग्लुकोजची प्लेट दोन दिवसांत वाचता येते, ग्लिसरॉलला धीर धरा. निरोगी स्ट्रेनची (वाणाची) रांग दाट, सायीच्या रंगाची, शेवटच्या थेंबात मोजता येतील अशा सुट्या कॉलनी. श्वसन गेलेल्याच्या रांगेत पहिल्या थेंबाच्या जागी एक फिकट पापुद्रा, पुढे रिकामं आगार. त्या पापुद्र्यावर एखाद-दोन गलेलठ्ठ कॉलनी उगवलेल्या दिसतात, त्यांना भुलायचं नाही. ते बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी जनुकात बदल होऊन वाट काढलेले असतात. त्या उचलून वेगळ्या ठेवा, कधीकधी त्यातूनच नवं जनुक सापडतं, पण तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर त्यात धरू नका.

आता सगळ्यात मोठा सापळा. काही जनुकं उडवली की यीस्ट आपला मायटोकॉन्ड्रियल डीएनएच गमावून बसतं. मायटोकॉन्ड्रियातल्या प्रथिननिर्मितीशी संबंधित जनुकांत तर हे सर्रास. एकदा तो गेला की कायमचा गेला. मग तुम्ही प्लाझमिडवरून (पेशीत घातलेल्या डीएनएच्या छोट्या वर्तुळावरून) चांगलं जनुक परत दिलंत तरी ग्लिसरॉलवर वाढ शून्य, आणि माणूस निष्कर्ष काढतो की मानवी प्रथिन चालत नाही. प्रत्यक्षात ते प्रथिन चाललं असतं, पण त्याने काम करायचं कशावर?

त्यामुळे क्रम असा ठेवा : यीस्टचं स्वतःचं जनुक यूआरए३ खूण असलेल्या प्लाझमिडवर आधी आत, मग गुणसूत्रावरची प्रत काढायची, मग तपासायचं जनुक दुसऱ्या प्लाझमिडवर द्यायचं, आणि शेवटी ५-एफओए घातलेल्या प्लेटवर वाढवायचं. यूआरए३ असलेल्या पेशी तिथे मरतात, म्हणजे जुनं प्लाझमिड टाकून दिलेल्याच उरतात. एवढं करून पेशी ग्लिसरॉलवर वाढली नाही, तर मायटोकॉन्ड्रियल डीएनए नसलेल्या टेस्टर स्ट्रेनशी तिचा संकर करा. टेस्टरकडून केंद्रकातलं चांगलं जनुक मिळतं. संकरित पेशी ग्लिसरॉलवर वाढली तर तुमच्या स्ट्रेनचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए शाबूत आहे, नाही वाढली तर तो गेला. या एका तपासणीशिवाय कुठलाही निकाल मी वाचत नाही.

स्ट्रेन निवडतानाही बघा. एस२८८सी घराण्यातल्या स्ट्रेनमध्ये आपसूक डीएनए गमावण्याचं प्रमाण मुळातच जास्त आहे. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए पॉलिमरेज, एमआयपी१, यातला त्यांचा एक बदल त्याला कारण आहे. शिवाय त्यांचं एचएपी१ही मोडकं आहे, आणि ते श्वसनाच्या जनुकांचं नियमन करतं. डब्ल्यू३०३ वापरलंत तर एडीई२च्या दोषामुळे एक सोय आयतीच मिळते : ॲडेनिन तुटपुंजं असलेल्या प्लेटवर श्वसन करणाऱ्या कॉलनी लालसर होतात, श्वसन गेलेल्या पांढऱ्या राहतात. प्लेट उजेडात धरली की लालाच्या मध्ये पांढरे ठिपके लगेच डोळ्यांत भरतात.

---

अंतरपटल

@प्लेटवाली ताई, किती मनापासून लिहिलंत! हे एका जागी कुठेच मिळालं नव्हतं.

एक विचारायचं होतं. मानवी जनुक यीस्टमध्ये चाललंच नाही, म्हणजे न बदललेलं, निरोगी जनुकसुद्धा, तर रस्ता बंद का? माझ्या प्रथिनाचं यीस्टच्या प्रथिनाशी साम्य आहे, पण सुरुवातीचा भाग फारच वेगळा आहे.

---

खमीर

बंद नाही. सुरुवातीचा भाग बहुधा पत्त्याचा असतो, प्रथिन मायटोकॉन्ड्रियात नेणारा, आणि आत गेल्यावर तो कापला जातो. तो यीस्टच्या प्रथिनाचा लावून बघा. पटलात बसणाऱ्या प्रथिनांना शेजारी जुळावे लागतात, तेव्हा कधी अर्धं यीस्टचं अर्धं माणसाचं असं जोडप्रथिन करावं लागतं. तेही नाही जमलं तर तोच बदल यीस्टच्याच प्रथिनात करायचा, अर्थात ते अमिनो आम्ल दोन्हीकडे सारखं असेल तरच.

नशीब साथ देतं तेव्हा मात्र फारच सुंदर निकाल येतात. हीम ए (चौथ्या संकुलाला लागणारा लोहयुक्त रेणू) बनवायला लागणारं माणसाचं सीओएक्स१० जनुक १९९४मध्ये हाती आलं ते असंच. सीओएक्स१० नसलेल्या यीस्टमध्ये मानवी डीएनएच्या तुकड्यांचा संग्रह घातला आणि ज्या पेशी श्वसनाच्या माध्यमावर वाढल्या त्यांच्यात कोणता तुकडा आहे ते पाहिलं. मानवी जनुक यीस्टनेच निवडून दिलं.

---

शंकेखोर

यात एक धोका आहे तो नोंदवतो. लोक मानवी जनुक जास्त प्रतींच्या प्लाझमिडवर, जोरकस प्रमोटरखाली (जनुक किती चालेल हे ठरवणाऱ्या डीएनएच्या भागाखाली) घालतात. अशाने सौम्य दोष झाकला जातो. निम्म्या कुवतीचं प्रथिन वीसपट बनवलं तर पेशी ठणठणीत दिसणारच. मग अहवालात येतं की बदल निरुपद्रवी आहे. रुग्णाच्या बाबतीत हे फार महागात पडू शकतं.

एक किंवा दोन प्रती ठेवणारं प्लाझमिड, शक्यतो जनुकाचा स्वतःचा प्रमोटर, आणि ३०सोबत ३७ अंशांनाही वाढ. अस्थिर झालेलं प्रथिन तापमान वाढलं की आपला दोष दाखवतं.

---

खमीर

बरोबर. आणि नुसत्या वाढीवर थांबूही नका. @अंतरपटल, तुमचं चौथं संकुल आहे म्हणून सांगतो : सायटोक्रोमचा वर्णपट घ्या. निरोगी यीस्टमध्ये ५५०च्या आसपास सायटोक्रोम सी, ५६०च्या आसपास बी आणि ६०३ नॅनोमीटरच्या आसपास ए-ए३ चा उंचवटा दिसतो. चौथं संकुल जुळलं नाही की ६०३चा उंचवटा सपाट होतो, बाकीचे जागेवर. ग्लिसरॉलवर वाढ बरी दिसत असताना हा उंचवटा मात्र अर्ध्यावर आलेला, असं होतं. वाढीला थोडकं संकुलही पुरतं. तुमचा सौम्य दोष तिथेच पकडला जाईल.

---

पटलपार

उशिरा आलो. प्रथिन मायटोकॉन्ड्रियात जातं कसं, हा विषय अजून निघाला नाही म्हणून लिहितो.

माणसाच्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएवर फक्त १३ प्रथिनांचे आराखडे आहेत, यीस्टच्या डीएनएवर ८. बाकी सगळी, म्हणजे माणसात हजाराच्या वर, केंद्रकातल्या जनुकांवरून बाहेर बनतात आणि आत ओढून घ्यावी लागतात. ही आयात-यंत्रणा माणसाला कळली त्यात यीस्टचा वाटा फार मोठा. १९८४मध्ये याफी आणि शात्झ यांनी असे यीस्ट म्युटंट शोधले, ज्यांच्यात तापमान वाढवलं की न कापलेल्या प्रथिनांचा ढीग साचतो. त्या जनुकांपैकी एमएएस१ आणि एमएएस२ यांतून पत्त्याचा भाग कापणारं एन्झाइम उलगडलं.

प्रयोगाची रीत बघण्यासारखी आहे. किरणोत्सारी मेथिओनिन घालून प्रथिन परीक्षानळीत बनवायचं. यीस्टची पेशीभित्तिका एन्झाइमने विरघळवून मायटोकॉन्ड्रिया वेगळे काढायचे. दोन्ही एकत्र ठेवायची, ठरावीक वेळाने बाहेरची प्रथिनं प्रोटीनेजने खाऊन टाकायची. जे आत पोचलं ते वाचतं. जेलवर बघितलं तर मूळ प्रथिनाचा वरचा पट्टा आणि पत्ता कापला गेलेला, जरासा खाली घसरलेला पट्टा असे वेगळे दिसतात. एका नळीत व्हॅलिनोमायसिन घालून पटलावरचा विद्युतदाब मोडायचा, तिथे खालचा पट्टा येता कामा नये.

@अंतरपटल, तुमचा बदल पत्त्याच्या भागाजवळ असेल तर हा प्रयोग करायलाच हवा. प्रथिन चांगलं असूनही आतच न पोचणं, हाही दोष असतो.

---

रात्रपाळी

अवांतर : मायटोकॉन्ड्रियाच्या स्वतःच्या डीएनएत हवा तो बदल करता येतो का? की नुसती केंद्रकातलीच जनुकं?

---

पटलपार

यीस्टमध्ये येतो, १९८८पासून. टंगस्टनच्या बारीक कणांवर डीएनए लावायचा आणि ते कण पेशींच्या थरावर वेगाने मारायचे. फार थोड्या पेशींत तो मायटोकॉन्ड्रियापर्यंत जातो, पण यीस्टच्या पेशी कोट्यवधी असतात, त्यातून निवडून घेता येतं. माणसाच्या ८९९३ या जागी होणारा बदल, ज्याने एटीपी सिंथेजचं सहावं उपप्रथिन बिघडतं, तो याच पद्धतीने यीस्टच्या एटीपी६मध्ये घातला गेला आणि त्या यीस्टवर पुढे औषधांची चाळणीही झाली.

---

नाममात्र

म्हणजे छर्रे झाडायचे आणि ज्याला बरोबर लागला तो शोधायचा. ऑडिटमध्ये आम्ही उलटं करतो, छर्रे न झाडता शोधतो :)

---

वाटसरू

नमस्कार. वाचनमात्र सदस्य आहे, पहिल्यांदाच लिहितोय.

माझ्या मुलीच्या जनुकीय अहवालात मायटोकॉन्ड्रियाच्या एका प्रथिनात दोन बदल आलेत. एकापुढे रोगकारक लिहिलंय, दुसऱ्यापुढे अनिश्चित महत्त्वाचा. दुसऱ्या बदलाबद्दल एक शोधनिबंध सापडला. त्यात तो बदल यीस्टमध्ये घालून पाहिला आणि यीस्ट ग्लिसरॉलवर नीट वाढलं नाही असं दिलंय. डॉक्टरांनी पुढची भेट दिलीय, पण तोवर मन थाऱ्यावर नाही. यीस्टमध्ये वाढ नाही याचा अर्थ माझ्या मुलीच्या बाबतीत काय घ्यायचा? आजार वाढत जाईल असा घ्यायचा का?

---

लोहगंधक

@वाटसरू, तुमची काळजी समजते. शक्य तितके स्पष्ट लिहितो.

त्या निबंधावरून एवढेच म्हणता येते की तो बदल प्रथिनाच्या कामात अडथळा आणतो. आजार किती तीव्र असेल, कोणत्या वयात काय होईल, कोणत्या अवयवावर परिणाम होईल, यातले काहीही यीस्टच्या प्लेटवरून काढता येत नाही. ग्लिसरॉलवर वाढ थांबणे म्हणजे मुलीची वाढ थांबणे नव्हे. कृपया तसा अर्थ लावू नका.

मात्र तो निबंध निरुपयोगीही नाही. जनुकीय बदलांचे वर्गीकरण करण्याच्या २०१५ च्या अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांत नीट प्रस्थापित प्रयोगांतून मिळालेला पुरावा विचारात घेतला जातो. तेव्हा निबंधाची प्रत डॉक्टरांकडे आणि जनुकीय समुपदेशकांकडे घेऊन जा. त्यांना तीन गोष्टी विचारा. हे दोन बदल आई आणि वडील अशा दोन्हींकडून एकेक आले आहेत का, की एकाच प्रतीवर आहेत? एकाच प्रतीवर असतील तर अर्थ पूर्ण बदलतो. मुलीच्या रक्ताच्या किंवा पेशींच्या जैवरासायनिक तपासण्या या प्रथिनाच्या बिघाडाशी जुळतात का? आणि या नव्या पुराव्यावरून 'अनिश्चित' हा शेरा फेरतपासता येईल का?

निश्चित निदान झाले तर काही आजारांत उपचाराची दिशा बदलते. उदाहरणार्थ, कोएन्झाइम क्यू बनवणाऱ्या जनुकांत दोष असेल तर ते बाहेरून दिल्याने काही रुग्णांना फायदा होतो. म्हणून उत्तर मिळवण्यासाठी पाठपुरावा जरूर करा.

---

प्लेटवाली

@वाटसरू दादा, लोहगंधक यांनी लिहिलंय त्यात एक भर. निबंधात बघा, निरोगी मानवी जनुक त्याच यीस्टमध्ये त्याच पद्धतीने घातल्यावर वाढ झाली होती का. ती झाली असेल आणि फक्त बदललेल्याने झाली नसेल, तर पुरावा बळकट. ती तुलनाच दिलेली नसेल, तर डॉक्टरांना आवर्जून तसं सांगा. मुलीला खूप आशीर्वाद.

---

वाटसरू

तुलना दिली आहे, आत्ताच पाहिलं. निरोगी जनुकाने वाढ झाली होती. एका प्रतीचा की दोन प्रतींचा, हा प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता. आमच्या दोघांचीही तपासणी अजून झालेली नाही, ती आता करून घेऊ. मनापासून आभार.

---

खमीर

@वाटसरू, नक्की कळवा इथे.

या निमित्ताने @शंकेखोर यांच्या 'निवडक यशोगाथा' या आक्षेपाला उत्तर देतो. गाडी नेहमी रुग्णाकडून यीस्टकडे जाते असं नाही, उलटीही जाते. यीस्टचा जनुकसंच १९९६मध्ये पूर्ण वाचला गेला, केंद्रक असलेल्या जीवांत सगळ्यात पहिला. सुमारे ६००० जनुकं. मग जवळजवळ प्रत्येक जनुक एकेक करून काढलेल्या स्ट्रेनचा संग्रह तयार झाला आणि २००२मध्ये त्यातून श्वसन बिघडवणारी ४६६ जनुकं एका झटक्यात पुढे आली. त्यातल्या कित्येकांचं काम अज्ञात होतं, पण माणसात त्यांचे भाऊबंद होते.

अशाच एका अनोळखी प्रथिनाचा, एसडीएच५चा, यीस्टमध्ये पाठलाग केला तेव्हा कळलं की दुसऱ्या संकुलातल्या एसडीएच१वर एफएडी हा सहायक रेणू चढवायला ते लागतं. संशोधकांनी मानवी जनुक कुठे आहे ते पाहिलं, तर ते अकराव्या गुणसूत्रावर नेमकं अशा पट्ट्यात होतं जिथे काही कुटुंबांतल्या पॅरागँग्लिओमा या चेतापेशींशी संबंधित गाठींचं कारण वर्षानुवर्षं शोधूनही सापडत नव्हतं. त्या कुटुंबातल्या रुग्णांत याच जनुकात बदल मिळाला. २००९ची गोष्ट. कुटुंबं, गाठी, गुणसूत्राचा पट्टा सगळं माहीत होतं, जनुकावर बोट ठेवलं यीस्टने.

ग्लुकोजपासून बनणारं पायरुवेट मायटोकॉन्ड्रियात नेणारं प्रथिनही तसंच. ते असलं पाहिजे हे १९७०च्या दशकापासून ठाऊक, पण सापडलं २०१२मध्ये, दोन गटांना एकाच वेळी, आणि दोघांच्याही कामात यीस्ट होतं.

---

शंकेखोर

एसडीएच५ची गोष्ट मला ठाऊक नव्हती. फारच जबरदस्त. आक्षेप मागे घेत नाही, पण आता दुसऱ्या टोकाने बघतोय : निवडक उदाहरणं असली तरी अशी उदाहरणं दुसऱ्या कुठल्या जीवात इतक्या स्वस्तात आणि इतक्या लवकर मिळाली असती असं वाटत नाही.

@अंतरपटल, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. यीस्ट की रुग्णाच्या पेशी, यात भांडण लावायची गरज नाही, दोन्हींना वेगवेगळे प्रश्न विचारा. रुग्णाच्या पेशीत तुमच्या बदलाबरोबर त्या व्यक्तीचे बाकीचे हजारो बदलही असतात. तिथे दोष दिसला तरी तो याच बदलामुळे, हे वेगळं सिद्ध करावं लागतं. यीस्टमध्ये दोन स्ट्रेनमधला फरक फक्त त्या एका अमिनो आम्लाचा असतो. म्हणून बदल घातक आहे का, हा प्रश्न यीस्टला. रुग्णात चौथं संकुल खरंच किती कमी आहे, निरोगी जनुक परत दिल्यावर ते भरून येतं का, हे त्याच्या पेशींना.

आणि निकाल वाचताना दोन्ही बाजू सारख्या धरू नका. निरोगी मानवी जनुक यीस्टला सावरतं, बदललेलं सावरत नाही, हा भक्कम पुरावा. यीस्टमध्ये बदललेलं जनुकही सावरतं, यावरून मात्र बदल निर्दोष ठरत नाही, फार तर त्याने प्रथिनाचं काम पूर्ण बंद पडत नाही एवढंच.

---

अंतरपटल

सगळ्यांचे खूप आभार. आज दुपारी गाइडशी बोलले. ठरलं ते असं : बदललेलं अमिनो आम्ल यीस्टच्या प्रथिनातही तेच आहे, त्यामुळे दोन्ही वाटा धरायच्या, मानवी जनुक यीस्टचा पत्ता लावून, आणि यीस्टच्याच जनुकात तोच बदल. कमी प्रतींचं प्लाझमिड, ३० आणि ३७ अंश, वाढीसोबत वर्णपट. सीनियर त्वचेच्या पेशी वाढवायला शिकवणार आहेत, त्या कामाला तशीही काही महिने लागतीलच. टेस्टर स्ट्रेन मात्र आमच्याकडे नाही.

---

प्लेटवाली

टेस्टर मागवायची गरज नाही. विरुद्ध लिंगप्रकाराचा कुठलाही निरोगी स्ट्रेन घ्या, इथिडियम ब्रोमाइड घातलेल्या ग्लुकोजच्या माध्यमात वाढवा, मग सुट्या कॉलनी पसरून ज्या ग्लिसरॉलवर अजिबात वाढत नाहीत त्या उचला. डीएपीआय या डीएनए चमकवणाऱ्या रंगाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली खात्री करा : केंद्रकाचा एक मोठा ठिपका दिसायला हवा, कडेचे बारीक ठिपके नकोत. हातमोजे घालून करा, इथिडियम ब्रोमाइडचा कचरा वेगळा ठेवा. आणि खुणेची जनुकं बघूनच स्ट्रेन निवडा, नाहीतर संकरित पेशी वेगळ्या काढता येणार नाहीत. तुमच्या म्युटंटच्या खुणा इथे लिहिल्यात तर कोणता जुळेल ते सांगते.